घोटी, कावनई, सांजेगाव : एका दिवसाची वाइन सहल कशी आखावी

नाशिकची वाइन म्हटलं की गाडी आपोआप गंगापूर धरणाकडे वळते. त्यात वाईट काही नाही, पण सुट्टीच्या दिवशी पार्किंगला जागा शोधण्यातच निम्मा उत्साह संपतो आणि द्राक्षाची बाग फोटोच्या मागचा पडदा होऊन बसते. ज्यांना बाग, डोंगर, पाणी आणि मग वाइन या क्रमाने दिवस घालवायचा आहे, त्यांच्यासाठी याच जिल्ह्यात दुसरा एक कोपरा आहे. इगतपुरी तालुक्यात घोटीच्या पुढे, मुकणे धरणाच्या पाण्यालगत, कावनई आणि सांजेगावच्या शिवारात दोन वाइनरी आहेत : व्हालोने आणि ग्रोव्हर झाम्पा. भोवताली भातखाचरं आणि सह्याद्रीचे कडे. हॉटेलांची रांग नाही, सेल्फी पॉइंटच्या पाट्या नाहीत.

खरं तर हा तालुका द्राक्षाचा नव्हेच, भाताचा. घोटीच्या बाजारपेठेत आजही भाताच्या गिरण्या आहेत. खाण्याच्या द्राक्षाचा मोठा पट्टा इथून पूर्वेला आणि उत्तरेला, निफाड-दिंडोरीकडे. घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. पण पूर्वेकडे सरकत गेलं की तो झपाट्याने कमी होतो, जमीन निचऱ्याची लागते आणि थंडीत रात्री चांगल्याच गार होतात. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिकमध्ये विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क काढले. त्यानंतर जिल्ह्यात वाइनरींचं पेवच फुटलं. २००८-०९ च्या मंदीत मागणी घसरली, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि त्यातल्या कित्येक छोट्या वाइनरी बंद पडल्या. ज्या तगल्या, त्यांत या दोन.

आधी महिना ठरवा

बहुतेक लोक आधी रविवार ठरवतात आणि मग बाग रिकामी बघून हिरमुसतात. आपल्याकडच्या द्राक्षवेलीचं वर्ष समजून घेतलं की तारीख आपोआप सापडते.

फ्रान्स-इटलीत थंडीत वेल झोपते, पानं गळतात, वर्षातून एकदा छाटणी होते आणि सप्टेंबरच्या आसपास द्राक्षं काढतात. आपल्याकडे वेल अशी झोपत नाही. म्हणून दोन छाटण्या. पहिली एप्रिलमध्ये, तिला खरड छाटणी म्हणतात. ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या जाड फांदीपर्यंत, वेल खरडून काढायची, नव्या काड्या फुटू द्यायच्या. त्या काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे जिथून कोंब फुटतात त्या गाठींत, पुढच्या घडांची तयारी होते. पावसाळाभर वेलीवर नुसतं पानच पान. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, गोडी छाटणी. पक्व काडीवर मोजके डोळे ठेवून बाकी छाटायचं. तिथून फूट येते, त्या फुटीला घड लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मणी हिरवे, वाटाण्याएवढे. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत लाल जाती रंग धरायला लागतात. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत तोडणी.

याचा सहलीपुरता अर्थ असा : फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे सर्वांत उत्तम. घड वेलीवर असतात, वाइनरीत क्रेट येत असतात, यंत्रं चालू असतात, हवेला आंबूस गोड वास असतो. जानेवारीत थंडी छान, पण लाल द्राक्षं अजून पिकायची असतात. मार्चमध्ये दुपारी ऊन भाजून काढतं.

एप्रिल-मेमध्ये शक्यतो जाऊ नका. छाटलेल्या वेली, तापलेली माती आणि धरणाचं आटलेलं पाणी बघायला इतक्या लांब कोण जातं! जून ते सप्टेंबर हा मात्र वेगळाच मामला. बागेत फळ नसतं, पण इगतपुरीचा पावसाळा म्हणजे काय ते सांगायला नको. धबधबे, ढग, भातलावणी. फक्त तेव्हा ही सहल वाइनची न राहता पावसाची होते, आणि कावनईचा कातळटप्पा निसरडा असतो, म्हणून किल्ला सोडून द्यायचा.

तारीख पक्की करण्याआधी ड्राय डेही बघा. २६ जानेवारी नेमकी हंगामात येते आणि लोक जोडून सुट्टी म्हणून नेमके तेव्हाच निघतात. निवडणुका असतील तर मतदानाच्या आधीचे दिवसही कोरडे.

निघण्याआधीची तीन कामं

वाइनरीला दोन-तीन दिवस आधी फोन करा. टूर किती वाजता, जेवणाची व्यवस्था आहे का, दर काय, तोडणी चालू आहे का, हे चारही प्रश्न फोनवरच विचारून घ्या. शक्य असेल तर मधला वार निवडा. मंगळवारी-बुधवारी गेलात तर माहिती देणाऱ्या माणसाला वेळ असतो आणि तो पाठ केलेलं सोडून बोलतो.

ओळखपत्र प्रत्येकाने स्वतःचं ठेवा. चाखणीसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात आणि वय दिसतंय की, असं म्हणून भागत नाही.

तिसरं काम म्हणजे गाडी कोण चालवणार. यावर वाद घालू नका, सोय करा. एका चाखणीत पाच-सहा वाइन असतात. प्रत्येकी ३० मिली धरली तरी दीडशे ते एकशे ऐंशी मिली, म्हणजे भरलेला एक मोठा ग्लास. दोन वाइनरी केल्या की दोन ग्लास. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दोन ग्लासांनंतर आपण त्या मर्यादेच्या आत आहोत, अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. मित्रमंडळींत एखादा न पिणारा असेल तर त्याचं जेवण बाकीच्यांनी द्यावं. नाहीतर इगतपुरीहून दिवसभरासाठी गाडी ठरवावी.

पोचायचं कसं

नाशिककरांना सोपं आहे. मुंबई-आग्रा महामार्गाने घोटी चाळीसेक किलोमीटर, तासाभरात पोचता.

मुंबईकरांना दोन रस्ते. जुना कसारा घाटाचा, आणि समृद्धी महामार्गाचा. समृद्धीचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्यात जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे आणि घाट कधी चढलो ते कळतसुद्धा नाही. वेळ वाचतो हे खरं. दुचाकीला मात्र समृद्धीवर बंदी आहे. जाताना घाटातून जा आणि येताना समृद्धीने या, असं मी सुचवेन. सकाळी डोळे ताजे असतात, घाट बघण्यासारखा असतो. संध्याकाळी दमलेल्या ड्रायव्हरला सरळ रस्ता बरा.

रेल्वेने जाणं माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचं. सकाळी सहाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी तपोवन एक्स्प्रेस नऊच्या आसपास इगतपुरीला सोडते, आणि परतीची तपोवन संध्याकाळी तिथून मुंबईकडे जाते. वेळापत्रक बदलत राहतं, तेव्हा निघण्याआधी बघून घ्या आणि तिकीट दोन्हीकडचं आधीच काढा. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिन लागतं, ते चुकवू नका. दर ३७ फुटांना एक फूट असा हा चढ, मागून ढकलल्याशिवाय गाडी वर जात नाही. लोकलने कसाऱ्यापर्यंत येऊन पुढे शेअर जीपने येता येतं, पण संध्याकाळी परतताना जीपमध्ये कोंबून घेण्याची तयारी हवी. इगतपुरी स्टेशनवरून सांजेगावला थेट जाण्यासाठी गाडी ठरवावीच लागते. एसटीच्या भरवशावर दोन वाइनरी आणि एक किल्ला होत नाही.

पुण्याहून एका दिवसात जाऊन येऊ नका. नारायणगाव-सिन्नर करून सिन्नर-घोटी रस्त्याने येता येतं, पण जाऊन-येऊन आठ-नऊ तास गाडीतच जातात. पुणेकरांनी एक रात्र राहायचं धरावं.

सकाळ : कावनईचा किल्ला

नाश्ता घोटीत किंवा इगतपुरीत. आता नाशिककर रागावतील, पण या दिवशी मिसळ नको. झणझणीत तर्रीने जीभ बधिर झाली की पुढे दोन-तीन तास वाइनमधलं काही कळत नाही. पोहे, उपमा, इडली, जे मिळेल ते खा, पण पोटभर. रिकाम्या पोटी चाखणी ही सर्वांत मोठी चूक. तीव्र अत्तर किंवा परफ्यूमही लावू नका, शेजारच्याचं नाकसुद्धा त्यात अडकतं.

घोटीहून कावनई दहाएक किलोमीटर. गावाजवळ कपिलधारा तीर्थ आहे. कपिल मुनींची जागा म्हणून त्याची ख्याती, आणि कुंभमेळ्याचं मूळ स्थान हेच, अशी इथली श्रद्धा. कुंडाजवळ दहा मिनिटं थांबा, मग किल्ल्याकडे वळा.

किल्ला छोटा, चढ पाऊण ते एक तासाचा. सोंडेवरून वाट वर जाते आणि शेवटी कातळाच्या घळीत शिरते. तिथे पायऱ्या, शिडी आणि दरवाजा. लहान मुलांना शिडीवर मागून आधार द्या, बाकी अवघड काही नाही. वर तळं आहे, थोडे अवशेष आहेत. १८१८ मध्ये त्र्यंबक इंग्रजांच्या हाती पडल्यावर आसपासचे जे सोळा किल्ले लढाईशिवाय गेले, त्यांतला हा एक. पण इतिहासापेक्षा वर जाण्याचं कारण नजारा आहे. दक्षिणेकडे कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर आणि अलंग-मदन-कुलंगची रांग, उत्तरेला त्र्यंबक-अंजनेरीचे डोंगर, आणि खाली मुकणेचं पाणी. त्या पाण्याच्या कडेला सरळ रेषांत आखलेले हिरवे तुकडे दिसले की ओळखा, दुपारी तिथे जायचंय.

आठच्या आत चढायला लागा. साडेदहापर्यंत खाली उतरलात तर बरोबर वेळेत आहात. रेल्वेने येणाऱ्यांना हे जमत नाही. त्यांनी किल्ला सोडावा, कपिलधारा बघून थेट वाइनरी गाठावी.

वाइनरी : आधी बाग, मग टाक्या, मग ग्लास

दोनपेक्षा जास्त वाइनरी एका दिवसात करू नका. इथे आहेतही दोनच, हे बरं आहे. पहिलीत पूर्ण टूर करा, दुसरीत फक्त चाखणी. दोन्हीकडे टाक्या सारख्याच असतात.

बागेत शिरण्याची परवानगी आधी मागा. औषधाची फवारणी झाली असेल तर ते जाऊ देणार नाहीत, आणि बरोबरच आहे. भुरी आणि केवडा हे रोग द्राक्षाचे जुने वैरी, त्यामुळे फवारण्या चुकत नाहीत. न विचारता घड तोडून तोंडात टाकू नका.

परवानगी मिळाली तर शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाच्या ओळीत उभं राहा आणि एक मणी मागून घ्या. बाजारातल्या थॉमसनची, म्हणजे बिनबियांच्या हिरव्या द्राक्षाची, सवय असलेल्याला पहिला धक्का आकाराचा बसतो. मणी करवंदाएवढा, काळा, वर पांढुरका मेणासारखा थर. साल जाड. चावलं की आधी खूप गोड रस, मग सालीचा तुरटपणा, मग बिया. बी थुंकू नका, चावून बघा. हिरवी आणि कडवट लागली तर माल अजून तयार नाही; तपकिरी, कुरकुरीत, भाजल्यासारखी लागली तर तोडणी जवळ आली. नुसत्या साखरेवर भागत नाही, बी आणि साल पिकावी लागते. साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असतो : काचेवर रसाचा थेंब, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. तो साखर ब्रिक्समध्ये, म्हणजे ढोबळमानाने टक्क्यांत, दाखवतो. वाइनची द्राक्षं साधारण २२ ते २४ ब्रिक्सला काढतात. खाण्याची द्राक्षं त्याच्या बऱ्याच आधी पेटीत गेलेली असतात. तोडणी पहाटे का करतात, हेही इथेच विचारा. फळ गार असताना आत आलं तर रस टिकतो, सुगंध टिकतो आणि थंड करायला वीज कमी लागते.

एक प्रश्न जरूर विचारा : कोणती द्राक्षं तुमच्या बागेतली आणि कोणती करारावर घेतलेली? वाइनची द्राक्षं लावणारा शेतकरी करारावर टेकलेला असतो. थॉमसनचा भाव पडला तर तो बेदाणा करू शकतो, शिराझचं तो काय करणार? बिया आणि जाड साल असलेलं फळ कुणी खायला घेत नाही. मंदीत सर्वांत जास्त मार बसला तो याच शेतकऱ्यांना. हा प्रश्न विचारला की टूर देणारा सरळ होऊन बोलायला लागतो.

आत गेल्यावर बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं दाबून रस वेगळा काढतात आणि तो एकटाच आंबवतात, साधारण १४ ते १८ अंशांत. लाल वाइन सालीसकट आंबते, अधिक उबदार. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून. लाल टाकीत साली वर तरंगून जाड थर धरतो आणि तो सतत रसात बुडवावा लागतो. हंगामात गेलात तर हे काम चालू दिसेल. पिंपं ओकच्या लाकडाची, सहसा २२५ लिटरची. त्यांच्या खोलीत फोटो काढायला सगळे गर्दी करतात. पण खरी गंमत आंबवण्याच्या टाक्यांपाशी असते. फक्त टाकीच्या झाकणातून वाकून आत नाक घालू नका, तिथे कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो.

आता चाखणी. क्रम असा : बुडबुड्यांची (स्पार्कलिंग), पांढरी, रोझे (गुलाबी), लाल, शेवटी गोड. ग्रोव्हर झाम्पाकडे झाम्पा स्वारे ही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली स्पार्कलिंग वाइन आहे, सुरुवातीला ती मागा. व्हालोनेत माल्बेक ही लाल वाइन चाखा, आणि सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन असेल तर शेवटी तीच. पांढरी वाइन खूप गार करून देतात, त्यात दोष झाकले जातात. ग्लास तळव्यात धरून दोन मिनिटं थांबा, मग वास घ्या. आधी न हलवता एकदा, मग ग्लास गोल फिरवून एकदा. लहान घोट घ्या, तोंडभर फिरू द्या.

सोबतच्या कार्डावर ब्लॅककरंट आणि गूसबेरी लिहिलेलं असतं. आपण ते कधी खाल्लेलं नसतं, तेव्हा ते शोधत बसू नका. शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनमध्ये पिकलेला पेरू, अननस मिळतो का बघा. सोव्हिनियाँ ब्लांक या दुसऱ्या पांढरीत हिरवी सिमला मिरची किंवा नुकतं कापलेलं गवत. शिराझमध्ये मिरे आणि जांभूळ. काही नाही मिळालं तरी चालतं. आंबट किती, तुरट किती, गिळल्यावर चव किती वेळ राहते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढच्या ग्लासशी तुलना करता येते. फोनमध्ये प्रत्येक वाइनपुढे दोन शब्द लिहून ठेवा, चौथ्या ग्लासनंतर पहिलीचं काही आठवत नाही.

थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं असभ्य नाही, धंद्यातली माणसं तेच करतात. न आवडलेली वाइन त्यात ओतून द्या, कुणाचा अपमान होत नाही. दोन वाइनच्या मध्ये पाणी प्या, साधा पाव किंवा बिस्किट खा.

जेवण आणि दुपार

व्हालोनेत रेस्टॉरंट आहे आणि तिथून मुकणेचं पाणी दिसतं. जेवायचं तिथेच ठरवा, पण फोनवर टेबल सांगून ठेवा. आपल्या जेवणाबरोबर वाइन जमत नाही हा गैरसमज आहे. तिखट रश्शाबरोबर जास्त तुरट लाल वाइन घेतली की तोंडात जाळ होतो, एवढं खरं. तिथे किंचित गोडसर शेनिन ब्लांक चांगली बसते. तंदुरी किंवा सुक्या मटणाबरोबर शिराझ. बजेट आखडतं असेल तर घोटीच्या महामार्गावर साध्या खानावळी आहेत. इंद्रायणी भात आणि पिठलं मिळालं तर तेच खा, तालुक्याचं पीक आहे.

जेवणानंतर लगेच दुसरी चाखणी नको. तासभर पाण्याकडे जा. धरणात पोहायला उतरू नका. काठ उथळ दिसतो, पण खाली गाळ असतो आणि आसपास मदतीला कुणी नसतं. कंटाळा आला तर इगतपुरीकडे परतताना त्रिंगलवाडीच्या पायथ्याची जैन लेणी बघता येतील, किंवा भावली धरण. दोन्ही एकाच दुपारी नको. सोबत न पिणारी किंवा लहान मंडळी असतील तर उलटं करा : त्यांना दुपार इथे घालवू द्या, दुसऱ्या वाइनरीला त्यांना फरफटत नेऊ नका.

दुसरी चाखणी चारच्या सुमारास, फक्त तीन वाइनची. पहिलीकडे जी जात आवडली तीच इथे मागा. एकच शिराझ दोन घरची चाखली की फरक जेवढा कळतो तेवढा दहा जाती चाखून कळत नाही.

बाटल्या घेताना

चाखलेलीच घ्या, आणि शक्यतो गावातल्या दुकानात मिळत नाही ती. वर्ष बघा. साध्या पांढऱ्या आणि रोझे वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या असतात, त्यात सवलतीत मिळणारी जुनी बाटली म्हणजे स्वस्ताई नव्हे. पिंपात ठेवलेल्या लाल वाइन काही वर्षं थांबतात, पण मुंबईच्या घरातल्या कपाटात नाही.

फेब्रुवारीतसुद्धा उन्हात उभ्या गाडीची डिकी तापते आणि तासाभरात वाइनचं मातेरं होतं. म्हणून खरेदी दिवसाच्या शेवटी करा, बाटल्या डिकीत न ठेवता एसीच्या जागी, पायापाशी, टॉवेलात गुंडाळून ठेवा. थर्माकोलचा डबा असेल तर उत्तम. बिल जवळ ठेवा, वाटेत तपासणी झाली तर उपयोगी पडतं. रेल्वेने आला असाल तर बाटल्या रेल्वेत नेण्याच्या भानगडीत पडू नका; तीच वाइन मुंबईत मागवता येते का, ते वाइनरीतच विचारून घ्या.

साडेपाचला निघा. घोटीत गिरणीवरून पाच किलो नवा इंद्रायणी घ्यायला दहा मिनिटं ठेवा. नवा तांदूळ पाणी कमी घेतो, तेव्हा घरी पहिल्यांदा शिजवताना नेहमीपेक्षा जरा हात आखडून पाणी घाला, नाहीतर गोळा होतो.